लंकेतली पंगत

वैशाख लागला की आमच्या भागात कुणी स्वतःच्या घरी जेवत नाही. आज या गावची यात्रा, उद्या त्या गावचा सप्ताह, परवा कुणाच्या तरी पुतण्याचं लग्न. भांडगावचे यवतला जेवतात, यवतचे भांडगावला, आणि दोन्हीकडचे मिळून दौंडला. कांदा चाळीत जाऊन पडलेला असतो, ऊस कधीच कारखान्याला गेलेला असतो, विहिरींनी तळ दाखवलेला असतो. अशा दिवसांत माणसानं करावं तरी काय? जेवावं आणि दुसऱ्याला जेवू घालावं. मी यवतजवळच्या एका शाळेत शिकवते. मे महिन्यात शाळेला सुट्टी, त्यामुळे ‘रजा नाही हो’ म्हणून कुणाला टाळायचीही सोय नसते.

यंदाही आमंत्रणं आली आहेत. दुपारी पडदा ओढून जरा आडवं व्हावं तर लांबून कुठून तरी माईकवर आवाज येतो, “पंगती बसून घ्या, पंगती बसून घ्या.” तो आवाज ऐकून इतरांना भूक लागत असेल. मला कोलंबो आठवतं.

यवतच्या माईकचा आणि कोलंबोचा काय संबंध, असं माझा नवराही विचारतो. संबंध आहे, पण तो सांगायचा तर आधी माझ्या आईबद्दल सांगायला हवं.

माझं माहेर न्हावरे. तिथल्या सप्ताहात बायकांच्या पंगतीला वाढावं तर माझ्या आईनं. डाव्या हातात आमटीची बादली, उजव्या हातात वगराळं, पदर खोचलेला. कुणाला काय कमी पडलंय हे ती पानाकडे न बघता तोंडाकडे बघून ओळखायची. “लाजू नगं गं, पोटाला कशाची लाज,” म्हणत नव्या सुनांच्या पानात दुप्पट भात पडायचा, आणि त्या बिचाऱ्या सासूच्या धाकानं तो संपवायच्याही. आमच्या गावची रीतच आहे, पहिल्या पंगतीला जेवला त्यानं दुसऱ्या पंगतीला वाढायचं. जेवून, हात पुसून सरळ घरची वाट धरणाऱ्याला गाव काही म्हणत नाही, पण विसरतही नाही.

मग आईला अर्धांगाचा झटका आला. वेळेत दवाखाना गाठला म्हणून जीव वाचला. पाय सुधारला, बोलणं सुधारलं, उजवा हात मात्र पहिल्यासारखा झाला नाही. पकड गेली आणि कंप आला. तरी पुढच्या सप्ताहाला ती हट्टानं वाढायला उभी राहिली, आणि वगराळंभर गरम आमटी एका पाहुण्या बाईच्या नव्या साडीवर सांडली. कुणी काही बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं, आईनंही चार शब्द सुनावले असते आणि प्रकरण मिटलं असतं. पण सगळ्या बायका एकदम प्रेमळ झाल्या. “ऱ्हाऊ द्या मावशी, बसा तुम्ही,” म्हणत त्यांनी तिच्या हातून बादली काढून घेतली.

त्यानंतर ती पंगतीला वाढायला गेली नाही आणि जेवायलाही गेली नाही. डाव्या हातानं, चमच्यानं जेवायचं, ते चारचौघींत कसं दिसेल? घरातसुद्धा ती भिंतीकडे तोंड करून जेवू लागली. वैशाखात सगळं गाव बाहेर जेवायचं आणि माझी आई एकटीपुरती खिचडी टाकायची. हात किती सुधारेल हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, त्याचं मला फार वाटत नव्हतं. पण ती माणसांतून उठून चालली होती, आणि मला ती माणसांत परत हवी होती.

फार खोल विचार करायची मला सवय नाही, पण एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. जिथं हिला काळं कुत्रं ओळखत नाही अशा ठिकाणी हिला न्यायचं, म्हणजे चारचौघांत जेवायला ती लाजणार नाही. असं ठिकाण शिरूर तालुक्यात नाही आणि दौंड तालुक्यातही नाही. पुण्यात तर नाहीच नाही, अर्धं न्हावरं तिथंच राहतं.

कोलंबो निवडलं ते ऐपत बघून. शाळेतल्या बाकीच्या बाया दुबईला जाऊन सोनेरी चमचे घेऊन येतात. मला दौंडला मद्रासची गाडी पकडायची आणि तिथून स्वस्तातलं, तासा-दीड तासाचं विमान, एवढंच जमण्यासारखं होतं. दौंड जंक्शन आहे याचा आम्हाला लहानपणापासून अभिमान, पण त्या जंक्शनावरून परदेशी जाता येतं हे माझ्या ध्यानात यायला चाळिशी उलटावी लागली. माझ्या नवऱ्याचं हायवेला गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. ते दुकान सोडून तो सासवडलाही येत नाही, तेव्हा त्याला विचारलंच नाही. आप्पांना, म्हणजे वडलांना, विचारलं. ते गोठ्यातनंच म्हणाले, “लंकेत सोन्याच्या विटा, आपल्याला काय गं त्येचं? म्हैस व्यायला झालीय. तुमी जावा.”

आई मात्र आली. का आली ते मला आजही नीट कळलेलं नाही. वैशाखभर आमंत्रणं टाळण्यापेक्षा देशच टाळलेला बरा, असा तिचा हिशेब असावा.

आता माझ्या हुशारीचं सांगते. सगळं मोबाइलवर मी स्वतः ठरवलं. खोली, विमान, कुठल्या दिवशी काय बघायचं, समुद्र कधी, बाजार कधी. फक्त एक बघायचं राहिलं. बुद्धपौर्णिमा. आमच्या शाळेत ही सुट्टी कुणाच्या लक्षातच येत नाही, कारण ती मे महिन्याच्या सुट्टीत बुडून जाते, आणि बुडालेल्या सुट्टीचं शिक्षकाला काय कौतुक? कोलंबोत मात्र त्या दिवशी आख्खा देश रस्त्यावर येतो. आम्ही नेमक्या त्याच सकाळी विमानतळावरून बसनं शहरात उतरलो.

बसस्टँडवर पाय ठेवला तर जिकडे तिकडे पांढरं. बाया, बापे, लेकरं, सगळे पांढऱ्या कपड्यांत. आईनं माझा दंड धरला.

“मंगे, येवढ्या बाया पांढऱ्यात. काय झालं गं गावात? कोण मोठं माणूस गेलं का?”

“अगं, सण आहे त्यांचा. बुद्धपौर्णिमा आहे आज.”

“सन हाय तर मग हिरवं-पिवळं नेसायचं सोडून असं का?” तिनं आपल्या मोरपंखी साडीकडे बघितलं. “आपुनच तेवढं रंगीत दिसतोय.”

खरं होतं ते. जिथं कुणी ओळखत नाही तिथं तिला गर्दीत मिसळायला आणलं होतं, आणि त्या सबंध गर्दीत लांबूनही उठून दिसणारी तीच एक होती.

आमच्याकडचं ऊन भाजतं, तिथलं उकडतं. घाम येतो आणि अंगावरच राहतो. खोली सापडली तीही उकडलेलीच. दोन खाटा, वर पंखा, आणि खाली पाय ठेवायला मोजकी जागा. आईनं पिशवीतली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी काढली, खाटेवर बसून भिंतीकडे तोंड केलं आणि डाव्या हातानं चार घास खाल्ले. एवढा समुद्र ओलांडून आले आणि भिंत तीच.

दुपार कलल्यावर समुद्राकडे जाणारी बस पकडली. बस कसली, गाण्यांचं दुकान. ड्रायव्हरच्या डोक्यावर बुद्धाचा फोटो, फोटोभोवती लुकलुकणारे दिवे, कंडक्टर दारात लोंबकळत गावांची नावं ओरडतोय आणि भरलेल्या गाडीत आणखी माणसं भरतोय. आमच्या शिरूरच्या एसटीत बाजाराच्या दिवशी असते तशीच गर्दी, फक्त कोंबड्या नव्हत्या. एक पोरगी उठली आणि तिनं आईला जागा दिली. “अम्मा,” एवढंच म्हणाली. आई बसली आणि तिनं उजवा हात पदराखाली घेतला. अनोळखी गावातही हात तिनं झाकलाच.

थोडं पुढं गेल्यावर बस थांबली ती थांबलीच. सणासाठी पुढचे रस्ते बंद केले होते. कंडक्टर हातवारे करत काहीतरी म्हणाला आणि सगळे भराभर उतरले, म्हणून आम्हीही उतरलो. मोबाइलमध्ये बघितलं तर नकाशा रस्ता दाखवत होता, आणि समोर रस्त्याच्या जागी नुसती माणसं. जिकडे वळायला सांगावं तिकडे मांडव. मांडवांवर रंगीत दिव्यांच्या मोठाल्या चित्रकथा, त्यांचे दिवे अजून लागायचे होते. घरांच्या दारांत कागदाचे आकाशकंदील, थेट आपल्या दिवाळीतले. मी तीनदा मोबाइल फिरवला, दोनदा स्वतः फिरले. मग चिडले. मला चिडायला फार लागत नाही, वर्गातली पोरं सांगतील.

“हरवलो आपण,” मी म्हटलं.

“हरवायला कुठं ठरवून निघालो हुतो आपुन?” आई शांतपणे म्हणाली. “तो फोन ठिव आदी. गर्दीला वाट इचारायची न्हाई, गर्दीच्या मागनं जायचं. यात्रेत काय करतीस?”

पैसे बेताचे असलेल्या प्रवाशाचं एक बरं असतं. गाडी करून सुटका करून घ्यायचं त्याच्या मनातच येत नाही. तो चालतो. चालतो म्हणून त्याला घरांची दारं दिसतात, दारांतली माणसं दिसतात, आणि त्या माणसांनाही तो दिसतो. त्या दिवशी मी रिक्षा केली असती तर समुद्र बघितला असता, फोटो काढले असते, आणि आज सांगायला माझ्याजवळ काहीच नसतं.

गर्दीच्या मागं मागं आम्ही एका लांबलचक रांगेत जाऊन उभ्या राहिलो. रांग कशाची, ठाऊक नाही. मला वाटलं, देवळाची असेल. रस्त्याच्या कडेला काही तरुण झेंडे हलवून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या अडवत होते. मी घाबरले, म्हटलं मोर्चा वगैरे आहे की काय. पण गाड्यांतली माणसं हसत उतरून रांगेत येत होती. आईनं नाक वर केलं, वास घेतला.

“भात हाय,” ती म्हणाली. “आन् डाळ. हितं जेवन हाय मंगे.”

जेवणच होतं. त्या सणाला तिथं गल्लीगल्लीतली माणसं एकत्र येऊन वाटेवरच्या कुणालाही फुकट जेवू घालतात. कोण, कुठला, कुठल्या धर्माचा, काही विचारत नाहीत. आमची पाळी आली. ताटावर पातळ प्लॅस्टिकचा कागद घातलेला, त्यावर भात, नारळाच्या दुधातली डाळ, बटाटा, खोबरं घालून परतलेला कसला तरी पाला आणि पापड. आईला तो कागद फार पटला. जेवण झालं की कागद काढून टाकायचा, ताट घासायची कटकट नाही.

मग ती थबकली. समोर लांब बाकं, बाकांवर दाटीवाटीनं माणसं, आणि एकही भिंत मोकळी नाही. मी पिशवीतून तिचा चमचा काढून दिला आणि दुसरीकडे बघायला लागले. समोरच्या मांडवावर एक रंगवलेला हत्ती होता. तो हत्ती मी इतका वेळ बघितला की आज कुणी सांगितलं तर तसाच्या तसा काढून देईन. वळून बघितलं तेव्हा आईचं ताट निम्मं झालं होतं. शेजारच्या बाईच्या मांडीवरचं बाळ आईच्या चमच्याकडे टक लावून बघत होतं, आणि आई त्याला वेडावून दाखवत होती. दोन वर्षं माणसांकडे पाठ करून जेवणारी माझी आई! मला रडू आलं. डाळ तिखट होती, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

इथवर झालं असतं तरी माझी सहल सार्थकी लागली होती. पण आई उठली, तिनं हात धुतला, पदर खोचला, आणि सरळ वाढणाऱ्यांच्या टेबलामागे गेली.

“अगं, कुठं चाललीस?”

“जेवलो न्हवं आपुन? मग वाढायचं कुनी?”

“आई, आपण पाहुणे आहोत इथं!”

“पोट भरूस्तवर पावना. पोट भरल्यावर कसला पावना?”

टेबलामागच्या माणसांना काही उमजेना. जेवलेलं माणूस टेबलाच्या या बाजूला आलेलं त्यांनी बघितलं नसावं. एका गृहस्थाला वाटलं, म्हातारीला घरी न्यायला हवंय, त्यानं भाताचं पुडकं बांधून दिलं. आईनं मान हलवली. त्याला वाटलं, कमी पडलं, त्यानं दुसरं बांधलं. आईनं आणखी जोरात मान हलवली, तेव्हा त्यानं तिसरं आणून माझ्या हातात ठेवलं आणि वर दोन केळी दिली. मला भुई फाटून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. एक ताटं भरणारी बाई मात्र हे सगळं बघत होती, आईच्याच वयाची. तिनं आईच्या खोचलेल्या पदराकडे बघितलं, हसली आणि सरकून जागा केली. खोचलेला पदर बघून तिला सगळं कळलं असावं, बाकी कुणी काही सांगितलंच नव्हतं.

तिनं एक भरलेलं ताट आईपुढे धरलं, समोरच्या म्हाताऱ्याला द्यायला. आईनं ते डाव्या हातात घेतलं, उजवा खोचलेल्या पदराच्या आड नेला आणि तिथंच उभी राहिली. अन्न डाव्या हातानं कसं द्यायचं? आणि उजव्यात ते पेलायचं कसं? रांग थांबली. पदराखालचा हात थरथरताना मला दिसत होता, आणि न्हावऱ्याच्या बायका डोळ्यांपुढं आल्या. आता ही ताट खाली ठेवणार आणि पुन्हा कधी कुठं उभी राहणार नाही, असं मला वाटलं. तिथवर जाऊन तिचा हात धरावा की नको, हेही सुचेना.

त्या बाईनं दुसरं ताट उचललं. दोन्ही हातांनी. किंचित वाकली आणि रांगेतल्या एका मुलीला तिनं ते दिलं. मुलीनंही दोन्ही हातांनीच घेतलं. तेव्हा कुठं मी बघितलं की तिथं सगळेच तसं देत होते, सगळेच तसं घेत होते. एका हातानं देणारं तिथं कुणीच नव्हतं. तिथली मानानं द्यायची पद्धतच ती.

आईनं पदराखालून उजवा हात काढला. ताटाखाली नुसता टेकवला. भार सगळा डाव्यावर होता, पण हात दोन होते. वाकून तिनं ताट म्हाताऱ्याच्या दोन्ही हातांत दिलं. त्यानं मान लववली. ताट जरा हललं असेल, पण दोघांच्या चार हातांमध्ये सांडायला जागा नव्हती.

मग ती थांबलीच नाही. मला कुणीतरी पाण्याच्या ग्लासांवर बसवलं. शाळेत पोरांच्या रांगा लावून माझा आवाज तयार आहे, मी मराठीत “एकेक करून या, ढकलाढकली नको” सुरू केलं आणि लोक खरोखर एकेक करून यायला लागले. संध्याकाळ झाली, मांडवाचे दिवे लागले, कंदील पेटले, पातेल्यांच्या तळाला पळ्या लागल्या. आई आणि ती बाई एकमेकींशी सारख्या बोलत होत्या, ही मराठीत, ती तिच्या भाषेत, आणि दोघींना एकमेकींचं पटतही होतं. समुद्र राहिला. दुसऱ्या दिवशी बघितला तेव्हा आई म्हणाली, “पानी हाय की नुसतं,” आणि पाठ फिरवून थंबिलीवाल्याकडे गेली. थंबिली म्हणजे तिथलं केशरी शहाळं. ते तिनं दोन्ही हातांनी घेतलं.

मी पुष्कळदा विचार करते, हे न्हावऱ्यात का झालं नसतं? आपल्या माणसांचं प्रेम कमी नव्हतं. पण आपल्या माणसांना तिचा जुना हात पाठ होता. तो त्यांना आठवायचा आणि ते गप्प व्हायचे. लंकेतल्या त्या गर्दीला तिचा जुना हात माहीतच नव्हता. समोर जो होता तो त्यांना पुरला. अनोळखी गर्दीची आपल्याला भीती घालतात, हरवशील म्हणतात. माझी आई तिथं सापडली, त्यामुळे त्या भीतीवर माझा फारसा विश्वास राहिलेला नाही.

दौंडला उतरलो तेव्हा म्हैस व्याली होती, रेडी झाली होती, आणि आप्पांनी फलाटावरच सगळी बाळंतपणाची हकिकत सांगितली. लंकेचं त्यांनी काही विचारलं नाही. आठवडाभरात गावच्या सप्ताहाचा काल्याचा दिवस आला. आईनं सकाळीच साडी काढून ठेवली. मी ते बघितलं आणि चहा टाकायला गेले. बोलले असते तर तिनं ती परत घडी घालून ठेवली असती, एवढं तिला मी ओळखते.

मंदिरासमोरच्या मंडपात बायकांची पंगत बसली. आई पहिल्याच पंगतीला, सगळ्यांच्या मधोमध बसून जेवली, चमच्यानं. दुसरी पंगत बसली तेव्हा तिनं आमटीच्या बादलीकडे बघितलंही नाही. पुऱ्यांची परात ठेवली होती, ती माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “चल माझ्याबरुबर.” एकेका बाईपुढे ती वाकत होती आणि दोन्ही हातांवर पुऱ्या ठेवून पुढे करत होती. बायका आधी गोंधळल्या. पंगतीत पानात टाकून घ्यायची सवय, हातात घ्यायची नाही. मग एकीनं हात पुढे केले, तिचं बघून दुसरीनं. हात थरथरत होता. तो दिसत होता, आणि ती तो लपवत नव्हती.

मागे आमटीची बादली घेतलेला माझा चुलतभाऊ खोळंबून उभा होता. त्याच्यामागे भातवाले, भातवाल्यांच्या मागे बुंदीवाले. आमच्याकडे पंगत अशी कधी तुंबत नाही, वाढपी अक्षरशः पळतात. शेवटी त्याला राहवेना.

“काकू, उरका की जरा! आमटी गार व्हाया लागलीया.”

“व्हऊ दे,” वळूनही न बघता आई म्हणाली. “दोनी हातांनी द्यायला येळ लागतो.”